वेग पुष्कळ झाला, आता वजन उतरवा

चाकण आणि पिंपरी येथे विजेच्या मोटारी घडवणाऱ्या अभियंत्यांस,



२०२५ च्या मे महिन्यात फोक्सवॅगनने गोल्फ जीटीआय भारतात विकायला काढली. ५३ लाखांची किंमत जाहीर होण्याआधीच पहिल्या १५० गाड्यांची नोंदणी होऊन गेली होती. ऑक्टोबरमध्ये स्कोडाच्या ऑक्टाव्हिया आरएसचे तेच झाले. गाड्या १००, प्रत्येकी ५० लाखांच्या, आणि किंमत कळायच्या आत सगळ्या संपल्या. दोन्ही पेट्रोलच्या, दोन्ही परदेशातून तयार होऊन आलेल्या. ऑक्टाव्हिया शून्यापासून ताशी १०० किलोमीटरपर्यंत ६.४ सेकंदांत पोहोचते. तुमच्या चाकणमधून निघणारी महिंद्राची बीई ६ तिथे ६.७ सेकंदांत पोहोचते, आणि पिंपरीची दोन मोटरींची टाटा हॅरियर ईव्ही ६.३ सेकंदांत. बाजारात आल्या तेव्हा या दोन्ही गाड्यांच्या किमती ३० लाखांच्या आत होत्या. आयात शुल्काने परदेशी गाडीच्या किमतीत मोठी भर घातली आहे. शिवाय विजेच्या गाडीवर जीएसटी ५ टक्के आणि मोठ्या पेट्रोल गाडीवर ४० टक्के. म्हणजे किमतींची तुलना सरळ नाही, हे मान्य. तरी प्रश्न उरतोच. तेवढ्याच सेकंदांसाठी जवळपास दुप्पट पैसे मोजायला अडीचशे माणसे रांग मोडून का धावली? त्यातली काही मिरवण्यासाठी धावली असतील. सगळी नव्हे. बाकीच्यांना तुमच्या गाडीत काहीतरी सापडले नाही, आणि ते काय, हे नेमके सांगावे म्हणून हे पत्र.

आम्हा मोटारवेड्यांमध्ये पेट्रोल की वीज हा वाद गेली काही वर्षे चालू आहे आणि तो दोन्ही बाजूंनी चुकीच्या मुद्द्यावर लढला जातो. पेट्रोलवाले म्हणतात, विजेच्या गाडीला आत्मा नाही. वीजवाले घड्याळ पुढे करतात आणि विचारतात, आत्मा किती सेकंदांत पोहोचतो? पहिल्याचे म्हणणे मोजता येत नाही आणि दुसऱ्याने मोजलेले आता कोणाला हवेसे वाटत नाही. माझे म्हणणे असे आहे की आम्ही पेट्रोल या द्रवासाठी हळहळत नाही. विजेकडे वळताना दोन गोष्टी हातून सुटत आहेत: गाडीचा हलकेपणा, आणि गाडी व चालक यांच्यात चालणारे बोलणे. दोन्ही गोष्टी पेट्रोलच्या मालकीच्या नाहीत. विजेच्या गाडीतही त्या आणता येतात, आणि जगात ज्या थोड्या ठिकाणी ते काम हाती घेतले जाऊ शकेल त्यांत चाकण-पिंपरीचा पट्टा मी धरतो.

वेगाचा हिशेब आधी संपवू, कारण त्यात वाद उरलेला नाही. माणसाने मोटारीत बसून ताशी १०० किलोमीटरचा वेग पहिल्यांदा ओलांडला तोच मुळी विजेवर. २९ एप्रिल १८९९ रोजी कामी जेनात्झी या बेल्जियन चालकाने पॅरिसजवळ आपली सिगारच्या आकाराची गाडी ताशी १०५.८८ किलोमीटरने पळवली. पुढे पेट्रोल जिंकले, कारण थोड्या वजनात पुष्कळ ऊर्जा साठवण्याची सोय त्या काळी दुसऱ्या कशात नव्हती. आता बॅटऱ्या सुधारल्या आणि विजेच्या मोटरीचा जन्मजात गुण उघडा पडला. तिचा पूर्ण जोर पहिल्या फेऱ्यापासून हाताशी असतो. क्लच सांभाळायचा नाही, टर्बो भरायची वाट पाहायची नाही, गिअर बदलताना ओढ तुटायची नाही. त्यामुळे टेस्लाची मॉडेल एस प्लेड ही चार दारांची घरगुती गाडी १,०२० हॉर्सपॉवर घेऊन फिरते, आणि क्रोएशियाच्या रिमात्स नेव्हेराने २०२३ मध्ये एका दिवसात २३ विक्रम केले. पण याच नेव्हेराची पुढची गोष्ट तुम्ही लक्षात ठेवावी अशी आहे. अवघ्या १५० गाड्या करायच्या होत्या आणि त्याही पटकन खपल्या नाहीत. २०२४ मध्ये खुद्द कंपनीचे संस्थापक माटे रिमात्स यांनीच उघडपणे सांगितले की या थराच्या ग्राहकांना आता विजेची गाडी नको आहे. त्याच वर्षी त्यांच्या हाताखालच्या बुगाटीने टुर्बियों ही नवी गाडी दाखवली. तिला विजेच्या तीन मोटरी आहेत, पण मध्यभागी ८.३ लिटरचे, टर्बो नसलेले, सोळा सिलिंडरांचे पेट्रोल इंजिन आहे. जगातल्या सर्वांत वेगवान विजेच्या गाड्यांपैकी एक ज्याने घडवली, त्यानेच हा निर्णय घेतला. मला त्यात श्रीमंतांचा लहरीपणा दिसत नाही. नुसता पाय दाबून कोणालाही मिळतो तो वेग साध्य म्हणून उरत नाही, एवढे त्यातून दिसते. पूर्वी सहा सेकंदांच्या गाडीसाठी कारखान्याला इंजिन, गिअरबॉक्स, क्लच, सगळे नव्याने जुळवावे लागे आणि चालकालाही शिकावे लागे. आता तो आकडा मोठ्या बॅटरीबरोबर आपोआप येतो.

मोठ्या बॅटरीबरोबर दुसरेही काही येते. बीई ६ च्या वरच्या आवृत्तीत ७९ युनिटांची बॅटरी आहे. घरच्या वीजबिलावरचे युनिट आणि बॅटरीचा किलोवॅट-तास एकच. पूर्ण पॅकचा विचार केला आणि किलोमागे १५० वॅट-तास धरले, तर नुसती बॅटरी ५०० किलोंच्या पुढे जाते. ४५ लिटर पेट्रोलचे वजन भरते ३३ किलो. त्यात ४०० युनिटांच्या आसपास उष्णता असते आणि तिचा फार तर तिसरा हिस्सा चाकांपर्यंत जातो, म्हणजे पेट्रोल इंजिन हे उधळेपणाचे यंत्र आहे यात शंका नाही. पण ते जळत जाते तशी गाडी हलकी होते. बॅटरी रिकामी झाली तरी तेवढीच जड राहते. आणि जड बॅटरी आली की तिला पेलणारा सांगाडा जाड होतो, सांगाड्याला आवरणारे ब्रेक मोठे होतात, ब्रेक मावावेत म्हणून चाके वाढतात, चाकांना पेलायला सस्पेन्शन कडक करावे लागते. वजन एकटे येत नाही, गोतावळा घेऊन येते.

यावर तुमच्याकडून येणारे उत्तर मला माहीत आहे. बॅटरी तळाशी असल्यामुळे गुरुत्वमध्य खाली राहतो, गाडी वळणात कलत नाही, मोटरींचा जोर चाकागणिक हजारांश सेकंदात कमी-जास्त करता येतो, आणि म्हणून ही जड गाडी कित्येक हलक्या गाड्यांपेक्षा वळणातून लवकर बाहेर पडते. हे सगळे खरे आहे. पण कलणे आणि वळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ताम्हिणीच्या किंवा आंबोलीच्या घाटात गाडी सारखी दिशा बदलत असते. डावीकडचे वळण संपायच्या आत उजवीकडचे सुरू होते, मध्ये कुठे डांबर उखडलेले असते, कुठे पाण्याचा ओहोळ असतो. दर वेळी गाडीचे सगळे वस्तुमान एका दिशेकडून दुसरीकडे न्यावे लागते आणि ते काम अखेर तळहाताएवढ्या चार टायरठिपक्यांवर येऊन पडते. बॅटरी कितीही खाली बसवली तरी वस्तुमान कमी होत नाही. संगणक ते लपवतो, छान लपवतो, पण लपवताना रस्त्याकडून हाताकडे येणारी खबरही गाळून टाकतो. स्टिअरिंग गुळगुळीत होते, बसायची जागा गप्प होते, आणि पकड सुटायला आली आहे हे चालकाला कळण्याआधी यंत्रणा ते निस्तरून मोकळी होते. घरच्या माणसांना घेऊन कोकणात उतरताना हे वरदानच आहे. पण गाडी चालवणे हीच ज्याची आवड, त्याच्या हाती काय उरले?

शर्यतीच्या छकड्याकडे पाहा. बैल कितीही जोरदार असोत, छकडा कोणी जड करत नाही. जेवढा लागेल तेवढाच सांगाडा ठेवतात. मोटारींचा इतिहासही हेच सांगतो. १९८९ मध्ये आलेली माझदा एमएक्स-५ एक हजार किलोंच्या आत होती आणि तिच्यात ११५ हॉर्सपॉवरच्या आसपास जोर होता. २०१६ पर्यंत तिच्या दहा लाख गाड्या झाल्या. सेकंदांच्या शर्यतीत ती आजच्या कुठल्याही विजेच्या एसयूव्हीपुढे टिकणार नाही, आणि तरी मोटारवेड्यांच्या ओठांवर तिचेच नाव असते. आपल्याकडे रेड द हिमालयसारख्या मोटार रॅलींत वर्षानुवर्षे मारुती जिप्सीने मैदान मारले. इंजिन जेमतेम ८० हॉर्सपॉवरचे, गाडी टनभराची. ती चालवणाऱ्यांना तिच्याकडून प्रत्येक दगडाची बातमी मिळत असे.

पेट्रोलवाल्यांनी इथे मान ताठ करण्याचे कारण नाही. वजनाचे पाप पेट्रोलनेही केले आहे. १९९८ ची बीएमडब्ल्यू एम५ साधारण १,८०० किलोंची होती. २०२४ मध्ये आलेली एम५ पेट्रोल-वीज जोडइंजिनासह २,४३५ किलोंची आहे. मर्सिडीजने सी६३ मधले आठ सिलिंडरांचे इंजिन काढून दोन लिटरचे चार सिलिंडरांचे इंजिन आणि वीज मोटर बसवली. एकूण जोर ६८० हॉर्सपॉवर, कागदावर सगळे आकडे जुन्यापेक्षा सरस, वजन दोन टनांच्या वर, आणि ग्राहकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. सगळ्यांत जास्त वाईट वाटते ते लोटसचे. हलकेपणा हाच ज्या घराण्याचा धर्म होता, ज्यांची १९९६ ची एलिझ साडेसातशे किलोंच्या आत होती, त्यांनी २०२१ मध्ये एलिझ बंद केली आणि एलेत्रे नावाची अडीच टनांची विजेची एसयूव्ही आणली. म्हणून म्हणतो, हा वाद इंधनाचा नव्हताच. कारखान्यांना जोर वाढवणे सोपे गेले आणि वजन उतरवणे अवघड, आणि सगळ्यांनी सोपी वाट धरली.

आता दुसरी गोष्ट, बोलण्याची. विजेची गाडी शांत असते याची तक्रार आली की ती बालिश समजली जाते: यांना कर्कश आवाज हवा, शेजाऱ्यांची झोप उडवायची आहे. काहींना तसेच हवे असते आणि त्यांच्या बाजूने मला एक शब्दही बोलायचा नाही. पण इंजिनाचा आवाज चालकासाठी मूलतः माहिती असतो. इंजिन किती फिरते आहे, त्याच्यावर किती ओझे आहे, चढावर ते कुंथते आहे की मोकळे आहे, पुढच्या वळणाआधी खालचा गिअर टाकायला हवा का, हे सगळे काट्याकडे न बघता कानाला कळते. गायकाच्या मागे तानपुरा असतो तसा चालकाच्या मागे इंजिनाचा सूर असतो. त्यावर तो आपला अंदाज लावून घेतो. विजेच्या गाडीत हा सूर काढून घेतला आणि त्याच्या जागी काही ठेवले नाही, ठेवला तो एक रुंद पडदा. वेग किती झाला हे कळायला नजर रस्त्यावरून काढून पडद्यावर न्यावी लागते, आणि नजर हीच तर घाटात सगळ्यांत महाग गोष्ट.

ह्युंदाईने आयोनिक ५ एन मध्ये यावर उत्तर शोधले. त्या गाडीत गिअरबॉक्स नाही, पण चालकाने निवडले तर मोटरी आठ गिअरांच्या गाडीसारख्या वागतात. पट्टी ओढली की जोराला झटका बसतो, चुकीच्या गिअरमध्ये राहिलात तर ओढ आटते, आणि स्पीकरमधून येणारा आवाज या सगळ्याशी जुळलेला असतो. जर्मनीतल्या न्युरबर्गरिंगवर सलग दोन फेऱ्या दमसास न सोडता माराव्यात इतकी तिची बॅटरी थंड ठेवण्याची व्यवस्था आहे. २०२४ मध्ये तिला जगातली सर्वोत्तम परफॉर्मन्स गाडी म्हणून वर्ल्ड कार पुरस्कार मिळाला. आमच्यातले कर्मठ म्हणतात, हे खोटे आहे, सोंग आहे. मला तसे वाटत नाही. बीएमडब्ल्यूने २०११ च्या एम५ मध्येच इंजिनाचा आवाज स्पीकरमधून आत सोडला होता, आणि आजच्या जवळजवळ प्रत्येक पेट्रोल गाडीतले स्टिअरिंगचे ‘वजन’ एक विजेची मोटर ठरवते. इलेक्ट्रॉनिक तानपुरा आला तेव्हाही हीच कुरकुर झाली असणार. आज तो घरोघरच्या रियाजात आहे, कारण सूर खरा लागला की तो लाकडातून आला की सर्किटमधून, याने गळ्याला फरक पडत नाही. आयोनिकमध्ये खटकते ते तिचे २,२०० किलो वजन. ह्युंदाईने बोलणे परत आणले आणि हलकेपणा तसाच सोडून दिला. अर्धे काम अजून बाकी आहे, आणि ते तुम्ही करावे असे मला वाटते.

तुमचा पहिला आक्षेप धंद्याचा असेल आणि तो रास्त आहे. भारतातले मोटारवेडे बोलतात फार आणि विकत घेतात कमी. रांजणगावच्या कारखान्यातून फियाटने २०१५ मध्ये अबार्थ पुंतो आणली: १४५ हॉर्सपॉवर, किंमत दहा लाखांच्या आत. तिची स्तुती सगळ्यांनी केली, चावी फार थोड्यांनी घेतली. खुद्द टाटांनी २०१८ मध्ये कोइमतूरच्या जयेमबरोबर टियागो जेटीपी काढली, ११४ हॉर्सपॉवरची, साडेसहा लाखांच्या आतबाहेर. दोन वर्षांत ती बंद झाली. या दोन्ही वेळी आम्ही कमी पडलो, हे मी कबूल करतो. पण तेव्हाचे अर्थकारण आणि आजचे यात एक मूलभूत फरक आहे. पेट्रोलच्या जमान्यात जोरदार आवृत्ती म्हणजे वेगळे इंजिन किंवा निदान वेगळा टर्बो, वेगळा गिअरबॉक्स, धुराच्या चाचण्या नव्याने. १ एप्रिल २०२० रोजी बीएस-६ हे धुराचे निकष लागू झाले आणि कमी खपाच्या इंजिनांवर तो खर्च करणे कोणालाच परवडेना. कित्येक उमद्या गाड्या तिथेच थांबल्या. विजेच्या गाडीत धूर नाही, आणि मोटर-इन्व्हर्टरची कुवत तुमच्या नेहमीच्या आवृत्तीतही पुरून उरते. बीई ६ च्या मागच्या मोटरीत २१० किलोवॅट, म्हणजे २८० च्या वर हॉर्सपॉवर आहेतच. त्यामुळे मोटारवेड्यांसाठीच्या आवृत्तीत नवा जोर घालायचा नाही. घालायचे आहेत ते चांगले डॅम्पर, चिकट टायर, तावून सुलाखून घेतलेले स्टिअरिंग आणि ब्रेक, आणि काढून टाकायचे आहे जे जे काढता येईल ते. यात साच्यांचा खर्च थोडा आहे, तुमच्या चाचणी चालकांचे आणि सस्पेन्शन जुळवणाऱ्यांचे तास पुष्कळ आहेत. त्यात तुम्ही कमी नाही आहात.

दुसरा आक्षेप पल्ल्याचा. बॅटरी लहान केली तर गाडी पुण्याहून नागपूरला कशी जाणार? समृद्धी महामार्गाने जाणाऱ्या कुटुंबाला ७९ युनिटे हवीत आणि त्यांना ती मिळतातच. त्या गाड्यांना हात लावा असे मी म्हणत नाही. मी बोलतो आहे एका लहान गाडीबद्दल, जिच्या मालकाच्या घरी बहुधा दुसरी मोठी गाडी आहे आणि जिला रविवारी सकाळी दीडशे-दोनशे किलोमीटर फिरून घरी यायचे आहे. ३५ युनिटांची बॅटरी त्याच हिशेबाने २३० किलोंच्या आसपास भरते, म्हणजे जवळपास ३०० किलो तिथेच उतरले, आणि मघाशी सांगितलेला गोतावळाही त्याच्यामागून उतरतो. हे स्वप्नरंजन नाही. टेस्लाचीच २००८ ची पहिली रोडस्टर, लोटसच्या सांगाड्यावरून घडवलेली, १,३०० किलोंच्या आसपास होती, आणि तिच्यात ५३ युनिटांची त्या काळातली बॅटरी होती. आज फ्रान्समध्ये रेनॉच्या अल्पीनने ए२९० ही लहान विजेची गाडी केली आहे: ५२ युनिटे, २२० च्या आसपास हॉर्सपॉवर, १,४७९ किलो. तिच्या भावंडासह, रेनॉ ५ सह, तिला २०२५ चा युरोपातला कार ऑफ द इयर किताब मिळाला. बॅटरी आणखी लहान केली तर तेराशेच्या घरात येणे अशक्य का असावे?

आणि हे तुम्हाला मी सांगावे, यातच खरे तर विसंगती आहे. महिंद्राचा संघ फॉर्म्युला ई या विजेच्या गाड्यांच्या शर्यतींत २०१४ च्या पहिल्या मोसमापासून आहे. टाटांच्या जॅग्वारने २०२४ मध्ये तिथले संघांचे विजेतेपद घेतले. ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादच्या रस्त्यांवर ज्या गाड्या धावल्या त्यांचे किमान वजन, चालक धरून, ८४० किलो होते. आधीच्या पिढीपेक्षा त्या हलक्या केल्या होत्या आणि शर्यतीत लागणाऱ्या ऊर्जेतली ४० टक्क्यांच्या आसपास ऊर्जा त्या ब्रेक मारतानाच परत कमावत होत्या. हलकी गाडी असली की लहान बॅटरी पुरते, लहान बॅटरी असली की गाडी हलकी राहते. हे चक्र उलट्या दिशेनेही फिरते हे तुमच्याच घरातल्या माणसांनी शर्यतीत सिद्ध केले आहे. त्या शर्यतींतून जाहिरातीसाठी रंगसंगती आणि बोधचिन्हे आली. ती ठेवा, पण तराजूही येऊ द्या.

तिसरा आक्षेप सगळ्यांत गंभीर आहे आणि तो तुमचा नाही, समाजाचा आहे. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. अशा देशात गाडी चालवण्याच्या आनंदाची भाषा करावी का? हा प्रश्न मी टाळू इच्छित नाही, कारण हलकेपणाच्या बाजूने सगळ्यांत भक्कम पुरावा मला इथेच दिसतो. २,२०० किलोंची गाडी आणि १,३०० किलोंची गाडी एकाच वेगाने जात असतील तर जड गाडीत सुमारे ७० टक्के जास्त गतिज ऊर्जा असते. ती समोरच्या दुचाकीवर किंवा पायी चालणाऱ्यावर आदळते तेव्हा हा फरक त्या माणसाच्या अंगावर जातो. शिवाय जड आणि अति जोरदार गाडीतली मजा उशिरा सुरू होते. ताशी ६० वर ती झोपलेली असते आणि तिला जागे करायला चालक बेकायदा वेगाकडे जातो. हलकी, बोलकी गाडी ताशी ५० वरही हातात जिवंत असते. कायद्याच्या आत राहून समाधान देणारी गाडी हवी असेल तर ती सेकंदांतून येणार नाही. आज वयाच्या अठराव्या वर्षी परवाना काढलेला मुलगा वडिलांच्या विजेच्या एसयूव्हीत बसून एका दाबात जो वेग घेतो, तो विसाव्या शतकाच्या अखेरीस नामांकित स्पोर्ट्स कारच्या मालकांपुरता होता. तो वेग तुम्ही जाहिरातीत पहिल्या ओळीत छापता. निदान ती ओळ खाली न्या.

कोळशाचा मुद्दा आमच्यातले काही जण हिरिरीने मांडतात: आपली बहुतांश वीज कोळशातून येते, मग विजेच्या गाडीने काय साधले? याला उत्तर थोडक्यात देतो. कोळसा कमी होत जाऊ शकतो, इंजिनातला उधळेपणा फारसा कमी होत नाही, आणि शहरातला धूर तर आजच टळतो. विजेकडे जाणे अटळ आहे आणि योग्यही आहे. पेट्रोलही पूर्वीचे राहिलेले नाही. २० टक्के इथेनॉलचे उद्दिष्ट २०३० वरून अलीकडे ओढून २०२५ मध्येच गाठले गेले आणि जुन्या गाड्यांचे मालक रबरी नळ्या आणि मायलेज यांची चिंता करत बसले आहेत. म्हणजे मागे जायला वाट नाही. म्हणूनच पुढच्या वाटेवर काय सोबत न्यायचे याचा आग्रह धरणे भाग आहे.

सोबत न्यायची आणखी एक गोष्ट म्हणजे गॅरेज. मोटारवेड ही शोरूममध्ये निपजणारी गोष्ट नाही. कार्ब्युरेटरचा जेट बदलून पिकअप वाढवणारा मेस्त्री, प्लगच्या रंगावरून इंजिनाची तब्येत सांगणारा, नुसती रेस देऊन कुठला टॅपेट वाजतो आहे ते ओळखणारा. नाशिक, कोल्हापूर, पुणे, मुंबईच्या गल्लीबोळांत या माणसांनी आमची पिढी घडवली. त्यांच्यामुळे गाडी हे समजून घेता येण्यासारखे यंत्र राहिले. विजेच्या गाडीला ते हात लावू शकत नाहीत. उच्च दाबाच्या विजेचा धोका खरा आहे, आणि कुलूपबंद सॉफ्टवेअरचे कारण निम्मे सुरक्षेचे, निम्मे व्यापाराचे आहे. सुरक्षेचा भाग प्रशिक्षणाने सुटतो. आयटीआयमधून आणि तुमच्या सेवाकेंद्रांतून या मेस्त्रींना रीतसर शिकवा, प्रमाणपत्र द्या. व्यापाराच्या भागाबद्दल मागणी एवढीच आहे की त्या एका गाडीत मालकाला काही चाव्या द्या. ब्रेकमधून वीज परत घेण्याचे प्रमाण, पायाखालच्या पेडलचा प्रतिसाद, स्टिअरिंगचे वजन, मागच्या चाकांना घसरू देण्याची मर्यादा. या गोष्टी त्याने सुरक्षित चौकटीत स्वतः जुळवाव्यात, बिघडवाव्यात, पुन्हा जुळवाव्यात. हातात पाना नसला तरी चालेल, पण करून बघायची मुभा हवी. आणि पडद्यात शिरलेल्या नेहमीच्या बटणांपैकी निदान हवा, काच आणि आवाजाची बटणे बोटाला चाचपून सापडतील अशी बाहेर काढा.

काही अडथळे तुमच्या हातात नाहीत, याची जाणीव आहे. आपल्या करांना लहान गाडी कळते ती चार मीटर लांबीवरून आणि इंजिनाच्या सीसीवरून; तराजू त्यात कुठेच नाही. इंधन-कार्यक्षमतेच्या कॅफे निकषांत तर कंपनीच्या गाड्यांचे सरासरी वजन वाढले की मुभाही वाढते. हलकेपणाचे कोणतेही बक्षीस नसलेल्या व्यवस्थेत हलकी गाडी करा म्हणणे हे तुमच्याकडून जास्तीचे मागणे आहे. ते मी सरकारकडेही मागेन. पण एक गोष्ट करायला ना कर आड येतो ना निकष. आपल्याकडच्या कित्येक माहितीपत्रकांत पडद्याची लांबी, स्पीकरांची संख्या, छताच्या काचेचा आकार हे सगळे असते आणि गाडीचे वजन कुठेच छापलेले नसते. पुढची गाडी आणाल तेव्हा तिच्या माहितीपत्रकाच्या पहिल्या पानावर, सेकंदांच्या वर, किलो छापा. त्यानंतरच्या आवृत्तीत तो आकडा किती उतरला, हे आम्ही दर वेळी उघडून पाहू.



आपला,
एक मोटारप्रेमी